‘घरी घेऊन जा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

मागवाला | ३ जून, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज लिहितोय कारण झोप येईना झालीय आणि घरात कुणाशी बोलायची सोय नाही.

आमचे नान्ना (वडील, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू) वय ७१. चाळीस वर्षं माग चालवला, टॉवेल विणले, आणि तेवढीच वर्षं गालात तंबाखू. गेल्या वर्षी उजव्या गालाचं ऑपरेशन झालं, मग शेक (रेडिएशन) दिले. यंदा मार्चमध्ये गाठ परत आली, आता बाहेरून जखम आहे. सोमवारी डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता इथं ठेवून उपयोग नाही. घरी घेऊन जा, सेवा करा." चार मिनिटंही लागली नाहीत. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. तिथल्याच लोकांनी वर्षभर नीट बघितलं, माझी तक्रार त्या चार मिनिटांपुरती.

सेवा करा म्हणजे काय करा? नाकात नळी आहे. दुखण्यावर ट्रामाडॉल चालू आहे, गोळी दिली की दोन तास बरे, मग पुन्हा कण्हणं. जखमेला असा वास येतो की माझी धाकटी त्यांच्या खोलीत जात नाही, आणि ते त्यांना कळतं. भाऊ हैदराबादला, तो म्हणतो अजून एक केमो करून बघू. आई म्हणते त्यांना काही सांगायचं नाही.

यातून कुणी गेलंय का?

शेंगाचटणी | ४ जून, सकाळी ६:१०

वाचून पोटात कालवलं. आमच्या सासूबाईंचं सहा वर्षांपूर्वी असंच झालं. आम्ही 'सेवा' म्हणून काय केलं सांगू? तीन महिन्यांत चार वेळा रात्री-अपरात्री ॲडमिट केलं, सलाईन लावलं, परत आणलं. दुखण्यावर वेगळा इलाज असतो हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कॅन्सर म्हटलं की दुखायचंच, असं धरून चाललो. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करायची सेवा) सेंटर आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत, सोबत घरचं माणूस राहू शकतं. हे आम्हाला त्या गेल्यावर कळलं. तुम्ही फोन करून विचारा तरी.

निसर्गोपासक | ४ जून, सकाळी ९:०२

केमिकलच्या नादी लागू नका. देशी गाईचा अर्क आणि हळद, ४० दिवसांत गाठ विरघळते. व्यनि (खासगी निरोप) करा, पत्ता देतो.

शेंगाचटणी | ४ जून, सकाळी ९:०९

निसर्गोपासक, धागा काय आहे आणि तुम्ही काय विकताय!

रात्रपाळी | ४ जून, दुपारी २:३५

मागवालादादा, मी नर्स आहे. १९ वर्षं झाली, त्यातली नऊ घरोघरी जाऊन असेच पेशंट बघण्यात. उद्या सकाळी करता येईल तेवढंच सांगते.

आधी वास. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक चमचा मीठ. त्यानं जखम धुवायची, चोळायची नाही, वरून धार सोडायची. पट्टी चिकटली असेल तर याच पाण्यानं भिजवून सुटू द्या, ओढली की रक्त येतं. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड करून जखमेवर भुरभुरवा आणि वर गॉज ठेवा, रोज. (त्याला चिठ्ठी लागते, तुमच्या डॉक्टरांना फोन करा.) तो वास हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंचा असतो आणि हे औषध नेमकं त्यांच्यावर चालतं. उदबत्ती लावू नका. वास जात नाही, वर त्यांना उदबत्तीचाही वीट येतो.

माशी. पाऊस पडला की सोलापुरात माश्या किती होतात तुम्हाला माहीत आहे. दिवसासुद्धा मच्छरदाणी. जखमेवर माशी बसली तर अळ्या पडायला वेळ लागत नाही, आणि मग घरचे स्वतःला दोष देत बसतात.

दर दोन तासांनी कूस बदला. पंपाची हवेची गादी भाड्यानं मिळते, जुनी विकतही मिळते.

आता एक वाईट वाटेल असं. जखम गळ्याकडे सरकली तर कधीतरी एकदम खूप रक्त येऊ शकतं. सगळ्यांना येतं असं नाही. पण घरात गडद रंगाचे टॉवेल काढून ठेवा, मरून, काळपट, कसलेही. पांढऱ्या टॉवेलवर वाटीभर रक्त बादलीभर दिसतं. पेशंट घाबरतो आणि घरचे त्याहून.

आणि किती दुखतंय ते रोज विचारा. हॉस्पिटलात शून्य ते दहा विचारतात, जुन्या माणसांना ते उमगत नाही. मी विचारते, रुपयात किती आणे दुखतंय?

मागवाला | ४ जून, रात्री १०:२०

ताई, विचारलं. म्हणाले चौदा आणे. नाकात नळी असून हसले थोडे.

भूलतज्ज्ञ | ५ जून, सकाळी ७:१५

मी मूळचा भूल देणारा, पण गेली बारा वर्षं हेच काम करतो. रात्रपाळीताईंनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, त्यात भर घालायला काही नाही. मी फक्त दुखण्याबद्दल लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, मधल्या पायरीवर ट्रामाडॉल-कोडीन, वर अफूपासून काढलेलं मॉर्फिन. तुमचे वडील मधल्या पायरीवर अडकलेत. ट्रामाडॉलला वरची मर्यादा आहे, दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाता येत नाही. मॉर्फिनला तशी ठरलेली मर्यादा नाही, वेदनेच्या मापानं हळूहळू वाढवता येतं. (किडनीचा त्रास असेल तर हात आखडावा लागतो, म्हणून डोस मी इथं लिहिणार नाही, विचारूही नका.)

गोळी घड्याळावर द्यायची. 'दुखलं की देऊ' म्हटलं की आधी माणूस तळमळतो, मग गोळी, मग तिचा परिणाम व्हायला अर्धा तास. साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. साधी गोळी चुरून नळीतून देता येते. बारा तास चालणारी येते ती मात्र कधीही चुरायची नाही, सगळा डोस एकदम अंगात उतरतो. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध. मळमळ आणि गुंगी चार-पाच दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही.

पहिल्या पोस्टमधली एक ओळ मनातून जात नाही. धाकटी खोलीत येत नाही, आणि ते त्यांना कळतं. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था) उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. शरीर, मन, घरातली नाती, पैसा, श्रद्धा या सगळ्यांचं मिळून एकच दुखणं असतं, असं त्या म्हणायच्या. नात दाराशी थबकते ते दुखणं मॉर्फिननं जात नाही. ते मेट्रोनिडाझोलच्या पुडीनं जाईल कदाचित!

जुळेसोलापूरकर | ५ जून, सकाळी ११:४०

डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण माझ्या मामाला मॉर्फिन दिलं आणि दोन दिवसांत गेला. आमच्यात त्याला 'शेवटचं औषध' म्हणतात. आणि सवय लागते ते वेगळंच.

भूलतज्ज्ञ | ५ जून, दुपारी ४:०५

राग कसला. मामांना ते शेवटच्या दोन दिवसांतच दिलं असणार. लोक छत्री उघडतात तेव्हा पाऊस आलेलाच असतो, म्हणून छत्रीनं पाऊस आणला असं होत नाही. वेदनेच्या मापानं वाढवलेल्या मॉर्फिननं श्वास बंद पडणं फार दुर्मिळ, कारण जादा गुंगी आधी दिसते आणि डोस कमी करता येतो. याच गोळीवर महिनोन् महिने हिंडणारे-फिरणारे पेशंट मी बघतो. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून एकदम बंद करायचं नसतं. व्यसन म्हणजे नशेची हाव. ती अशा पेशंटमध्ये क्वचित दिसते.

पुडीवाला | ५ जून, रात्री ९:३०

नव्या पेठेत मेडिकल आहे माझं. मागवालाअण्णा, मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन गल्लोगल्ली हिंडू नका, माझ्याकडंच नाही तर दुसऱ्याचं काय सांगू. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की दुकानांनी आणि कित्येक हॉस्पिटलांनी हे औषध ठेवणंच सोडलं. २०१४ साली दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवली, नियम देशभर एक केले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या वैद्यकीय संस्थेतून ती मिळतात. म्हणून जिथं कॅन्सरचा इलाज झाला तिथंच विचारा, "तुमची मान्यता आहे का, नसेल तर जवळ कुणाची आहे?" असं थेट.

गंमत बघा की ओ. मध्य प्रदेशात नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, आपली कायदेशीर अफू परदेशात जाते, आणि इथं चौदा आणे दुखणारा माणूस ट्रामाडॉलवर.

बार्शीरोड | ६ जून, सकाळी ८:१२

बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहेच जिल्ह्यात, विचारून बघा. गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवायचं काम तिथं १९८७ साली सुरू झालं, ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं. गाठ मोजण्यात आपला जिल्हा पुढं. दुखणं मोजण्यात कधी येतो बघू.

मागवाला | १४ जून, रात्री ११:०५

उशिरा लिहितोय, माफ करा. औषध मिळालं. कुठून ते जाहीर लिहीत नाही, ज्यांना हवं त्यांनी व्यनि करा. एका दिवसात काम झालं नाही, तीन चकरा झाल्या. रजिस्टर, आधार, जुनी फाईल, बायोप्सीचा कागद. तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र पाऊण तास बसल्या. पाऊण तास! मी घड्याळ बघितलं.

त्यांनी एक गोष्ट विचारली जी वर्षभरात कुणी विचारली नव्हती, कसं दुखतं? मी आपला मराठीत सांगत होतो, दुखतंय, ठणकतंय. त्या म्हणाल्या त्यांनाच बोलू द्या, त्यांच्या भाषेत. नान्ना म्हणाले, "नोप्पी कादु, मंट." नोप्पी म्हणजे दुखणं, मंट म्हणजे आग, जाळ. दुखत नाही, आग होते. बाई म्हणाल्या हे नसेचं दुखणं, त्याला वेगळी गोळी लागते, आणि रात्रीसाठी ॲमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी वाढवली. ते कितीदा मंट म्हणाले असतील घरात, आणि मी दरवेळी डॉक्टरांना 'दुखतंय' असं सांगत आलो.

आता सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहा. रात्रीची दुप्पट, म्हणजे दोनला उठवायला नको. पहिले तीन दिवस उलट्या आणि गुंगी, आई म्हणाली हेच ते शेवटचं औषध. मी डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. चौथ्या दिवशी नान्ना उठून खुर्चीत बसले. आज विचारलं, किती आणे? चार.

पुडीनं वास उतरला. धाकटी काल आत जाऊन अभ्यास करत बसली. मी बाहेरच थांबलो.

शेंगाचटणी | १५ जून, सकाळी ६:३०

चार आणे!! सकाळी सकाळी रडवलंत.

मागवाला | २२ जून, रात्री १०:५०

भाऊ आलाय. केमोवरून रोज वाद. त्याचं म्हणणं, दुखणं थांबलंय म्हणजे ताकद आहे, मग लढायचं का नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकणं, असं त्याच्या डोक्यात बसलंय.

भूलतज्ज्ञ | २३ जून, सकाळी ७:४०

भावाला घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यालाच विचारू द्या: या केमोनं काय साधेल? बरं होण्यासाठी आहे की थोडे दिवस वाढण्यासाठी? किती दिवस? त्यातले किती हॉस्पिटलात जातील? उत्तर ऐकून मग दोघं ठरवा. कधीकधी केमो देणंही बरोबर असतं, मी त्याच्या विरोधात नाही.

'हात टेकणं' याबद्दल एवढंच. अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटाचे दिवस जास्त बरे गेले, शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी घेतले गेले, आणि तरी ते जास्त जगले: साधारण ११.६ महिने, दुसरीकडे ८.९. गालाच्या कॅन्सरला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण ही सेवा सुरू केली म्हणून माणूस लवकर जातो, ही भीती काढून टाका. खरं तर गाठ परत आली तेव्हा मार्चमध्येच तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

जुळेसोलापूरकर | २३ जून, दुपारी १:१५

त्या शब्दाचा अर्थ शोधला. लॅटिनमध्ये पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं पांघरूण. म्हणजे आपली सोलापुरी चादरच की! मामाच्या वेळी हा धागा असता तर बरं झालं असतं.

मागवाला | २ जुलै, रात्री ११:३०

केमो नाही. भावानंच ठरवलं, डॉक्टरांशी बोलून आल्यावर.

आता वेगळंच. आज पट्टी बदलताना नान्नांनी विचारलं, "रथाला असेन का रे मी?" बाहेरगावच्यांसाठी: नारळी पौर्णिमेला आमच्या पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथ निघतो, पूर्व भागात त्या दिवशी माग बंद. (यमाला परतवून लावणारा तो मार्कंडेय. त्याच्याच रथाबद्दल विचारावं त्यांनी.) मी म्हटलं, असाल की, काय झालंय तुम्हाला. ते काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड केलं. चुकलं का माझं?

रात्रपाळी | ३ जुलै, पहाटे ५:२०

चुकलं असं म्हणणार नाही, सगळे हेच म्हणतात. पण दादा, रोज आरशात ती जखम बघणाऱ्याला काय झालंय हे ठाऊक नसेल? त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आईंना ठाऊक आहे, आणि तिघं एकमेकांपासून लपवताय. एकटे ते पडतात.

पुढच्या वेळी उत्तर द्यायची घाई करू नका. उलट विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, मला अजूनही जातं. ते बोलले तर तेवढ्याच वाटेनं पुढं जा. नाही बोलले तर तोही त्यांचा हक्क आहे, सांगायलाच हवं म्हणून मागे लागू नका.

मागवाला | ९ जुलै, रात्री १२:१०

ताई, तसंच केलं. ते म्हणाले, "रथापर्यंत नाही वाटत." मी गप्प. आई दारात होती, तिनं ऐकलं, आत येऊन पायाशी बसली. मग बराच वेळ बोलले, नळीमुळे अडखळत. एका जुन्या जोडीदाराचे चार हजार हातउसने होते, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिले. तो माणूस पैसे घेईना, मग स्वतः भेटायला आला आणि दोघं तासभर बॉबिनच्या भावावरून भांडले, १९८२ च्या.

आणखी एक मागितलं. शेजारच्या कारखान्यात नेऊन बसवलं त्यांना, दहा मिनिटं. त्या खटखटाटात आम्हाला एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. नान्ना डोळे मिटून ऐकत होते, मग खूण करून सांगितलं, तिसऱ्या मागाचा धोटा नीट बसत नाहीये. मालकानं बघितलं, खरंच नव्हता.

काळा_कोट | १० जुलै, सकाळी १०:००

कायद्याचं थोडं, कारण व्यनित दोघांनी विचारलं. 'व्हेंटिलेटरवर ठेवू नका' असं आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात ते मान्य केलं. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, २४ जानेवारी २०२३ ला सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा वेगळा विषय, ते बेकायदाच आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

मागवाला, तुमच्या उपयोगाचं याहून साधं आहे. फॅमिली डॉक्टरांना आत्ताच भेटून ठेवा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला (नमुना ४अ) त्यांनी द्यायचा असतो, आणि नोंदणी २१ दिवसांत. रात्री दोनला डॉक्टर शोधत हिंडायची वेळ येऊ नये.

मागवाला | २८ जुलै, रात्री २:४०

नळीतून दूध घातलं की परत येतंय. दोन दिवस बहुतेक झोपूनच. आई म्हणते उपाशी मारताय. भाऊ सलाईन लावू म्हणतो. कुणी जागं आहे का?

रात्रपाळी | २८ जुलै, रात्री २:५५

जागी आहे, नावच रात्रपाळी.

आईंना म्हणावं, खाणं थांबलं म्हणून ते चाललेले नाहीत. ते चाललेत म्हणून खाणं थांबतंय. शरीर आवराआवर करतं तेव्हा त्याला अन्न पेलत नाही. जबरदस्तीनं घातलेलं छातीत उतरतं. या अवस्थेत सलाईनचं पाणीही बऱ्याचदा छातीत आणि पायांत साठतं, घरघर वाढते. भूक त्यांना लागत नाहीये. तोंड मात्र कोरडं पडतं, तो खरा त्रास. स्वच्छ ओल्या कापसानं ओठ, जीभ पुसा, दर तासाला. हे काम आईंना द्या. त्यांना भरवायचंय ना, हे भरवणंच आहे.

घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा. ऐकायला भयंकर वाटते, त्यांना बहुधा जाणवत नसते. त्यासाठी इंजेक्शन असतं, सकाळी बाईंना फोन करा. मॉर्फिन बंद करू नका, पण डोस पुन्हा ठरवायला लागेल, तेही विचारा. आणि बोलत राहा, ऐकू येत असतं असं धरून. तेलुगूत बोला.

मागवाला | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७:२५

नान्ना ३१ जुलैला पहाटे गेले. घरीच. दहावा-बारावा सगळं उरकलं, म्हणून आज बसलो. कण्हणं नव्हतं. आई कापूस घेऊन बसली होती, मी टेकून झोपलो होतो, मला तिनं उठवलं. फॅमिली डॉक्टर अर्ध्या तासात आले, काळा_कोट यांचे आभार.

मॉर्फिनच्या ११ गोळ्या उरल्या होत्या, परत नेऊन दिल्या आणि रजिस्टरवर सही केली. बाई म्हणाल्या, बरेच जण परत आणत नाहीत.

हवेची गादी आहे. पंपासकट, धुऊन वाळवलेली. कुणाला हवी असेल तर सांगा, पैसे नकोत.

कुंभारीकर | १३ ऑगस्ट, रात्री ९:५०

दादा, आजच सभासद झाले, धागा सगळा वाचला. गादी अजून आहे का? आईला हवीय. विड्या वळायची ती. तिला पण गालाचाच.

मागवाला | १३ ऑगस्ट, रात्री १०:०५

आहे ताई. उद्या सहानंतर या, पत्ता व्यनित टाकतो. पंपाचा आवाज येतो, पहिले दोन दिवस झोप लागणार नाही, मग सवय होते. मरून टॉवेल काढून ठेवले होते सहा, कारखान्यातून आणलेले. ते पण घेऊन जा. कोरेच आहेत, सहाही.